वाघजाईच्या मागची खाडी

तुर्भ्याच्या नझीर धनसेकडे काविळीचा माणूस फोटोला बसला, तरी फोटोत त्याचे गाल गुलाबी निघायचे. ऐकीव सांगत नाही, माझेच निघाले होते. एक्याण्णव साली मला कावीळ झाली. गावी कळलं असतं तर सगळं घर उठून इथं आलं असतं, म्हणून मी ठणठणीत असल्याचा पुरावा धाडायचं ठरवलं. डोळे पिवळे, अंगात बसायची ताकद नाही, तरी स्टुलावर ताठ बसलो. नझीरने काळापांढरा फोटो काढला, चार दिवस बसून रंगवला आणि मी तो ट्रकवाल्याबरोबर घरी पाठवला. आमचं कुटुंब राजाबाई तेव्हा गावाकडंच शेती बघायची. आठवड्याने त्याच ट्रकवाल्याबरोबर तिचा निरोप आला, "तब्येत बरी दिसली. पण तोंडाला रंग लावून कुठल्या तमाशात काम धरलंय, तेवढं कळवा."

हे मी नझीरला सांगितलं तर तो नाराज झाला. चेष्टा केली म्हणून नव्हे. बराच वेळ विचार करून म्हणाला, "कुठला गाल जास्त वाटला त्यांना? डावा का?"

असा माणूस. त्याच्या हातचा एक फोटो आमच्या घरात भिंतीवर आहे. पाहुणा आला की त्यातली ती घोंगडीवाली पाठ कुणाची, हे विचारल्याशिवाय चहा घेत नाही, आणि दर वेळी मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. म्हणून आता एकदाच लिहून काढतो.

मी हौसेराव जगदाळे, साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या माळखोपचा. गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलो. गुरुजी म्हणायचे, तुझं अक्षर चांगलं आहे, आणि तिथंच थांबायचे. पुढं तुर्भ्याच्या कांदाबटाटा मार्केटात माथाडी झालो. आमच्या टोळीत चौदा जण, चौदाही माळखोपचे. दिवसभर पाठीवर गोण्या वाहायच्या आणि उरलेल्या वेळात गावाबद्दल भांडायचं, हा आमचा कार्यक्रम.

मार्केटच्या मागच्या गल्लीत, टायरवाला आणि चहावाला यांच्या मधे नझीरचा 'नूर फोटो स्टुडिओ' होता. तो श्रीवर्धनकडचा, खाडीकाठच्या एका गावचा कोकणी मुसलमान. त्याचा बाप मचव्यांची शिडं शिवायचा. नझीरच्या बोटांत तीच सफाई उतरली होती, फक्त सुईच्या जागी ब्रश आला. काडीला कापूस गुंडाळायचा, चिनीमातीच्या बशीत रंग कालवायचा आणि फोटोवरून असा फिरवायचा की झोपलेल्या लेकराचं तोंड पुसतोय असं वाटावं. बारीक कामाला खारीच्या केसांचा ब्रश. त्याला टोक यावं म्हणून तो ओठांत धरायचा. त्यामुळं आत काय काम चाललंय ते गल्लीतून जाताना त्याच्या तोंडाकडं बघूनच कळायचं. ओठ हिरवे असले तर नवरीची साडी चालू, निळे असले तर कुणाचं तरी आभाळ.

रंगाच्या बाबतीत तो गिऱ्हाइकाचं फार ऐकत नसे. आमच्या टोळीतल्या कोंडिबाने लग्नाचा काळापांढरा फोटो रंगवायला दिला आणि फेट्याचा रंग सांगायला विसरला. नझीरने फेटा हिरवा केला. कोंडिबा तापला.

"आरं, गुलाबी हुता माजा फेटा!"

"तुझ्या रंगाला गुलाबी शोभत नाय. मी काय करू?"

फोटो गावी गेला. वर्षभराने कोंडिबाची बायको गोजरा बायकांत सांगायला लागली, हिरव्या फेट्यात ह्ये कसं उठून दिसत हुतं. मग सासऱ्यानेही देवाची शपथ घेऊन हिरवाच सांगितला, आणि गुलाबी फेटा विकत आणणारा तोच! शेवटी एके दिवशी गोणी उतरवता उतरवता कोंडिबा माझ्या कानाशी लागला, "हौसेराव, मला वाटतंय हिरवाच आसंल."

रविवारी मार्केट बंद. त्या दिवशी नझीर कॅमेरा आणि लाकडी तिपाई घेऊन बाहेर पडायचा. मी बरोबर, कारण तिपाई जड होती आणि ओझं मला नवं नव्हतं. कधी सीवूड्सकडं जायचो. तिथं तेव्हा चिखल, बगळे आणि मोजणीवाल्यांनी रोवलेले खुणेचे दगड, बास. कधी तुर्भ्याच्या खाणींकडं, जिथं डोंगर रोज थोडाथोडा खडी होऊन ट्रकातून निघून जायचा. एकदा अर्धा कापलेला डोंगर तो तासभर नुसता बघत उभा राहिला. मी दोन वेळा बसलो, एकदा झोपलो. मग त्याने एकच फोटो काढला. रंगवून दाखवला तर कापलेली बाजूसुद्धा हिरवीगार!

"नझीरभाय, हे खोटं झालं."

"खोटं कसं? मी तुर्भ्याला आलो तवा असाच होता. फोटो जरा उशिरा निघाला, एवढंच."

असले फोटो घेणार कोण? भिंतीवर चाळीस-एक लागले होते. पासपोर्टचा फोटो काढायला आलेली माणसं ते बघून विचारायची, हे प्लॉट विकायचे आहेत का.

चौऱ्याण्णव साली गल्लीच्या तोंडाशी मशीनवाली कलर लॅब आली. काचेचं दार, आत गारवा, तासाभरात रंगीत फोटो हातात. चार दिवस थांबून गाल रंगवून घेणार कोण? आधी लग्नाचे फोटो गेले, मग बारशाचे, मग पासपोर्टचेही गेले. नझीर दुकानात बसून जुनेच फोटो पुन्हा रंगवायचा.

त्याची बायको रहिमा त्याच्याच गावच्या तांडेलाची मुलगी. बाप मचव्यावरून हाका मारायचा, त्यामुळं हिचाही आवाज वाऱ्यातून पलीकडच्या काठाला पोचेल असा. एकदा मी स्टुडिओत बसलो असताना डबा घेऊन आली आणि माझ्यासमोरच म्हणाली, "भाऊ, तुमी साक्षीला हाव ते बरं झालं. ह्यांना सांगून ठेवते. बकरी ईदपर्यंत बघेन. तोवर दुकान चाललं तर चाललं. नाय तर माझा भाऊ जुनैद हाय दोहाला, त्याच्या मागं विमानात बसायचं. गोदामात खोक्यांवर शिक्के मारायचं काम हाय. तिकडं कुणाचे गाल रंगवावे लागत नायत, उन्हानं लालच असतात."

नझीर तिच्यापुढं बशीतला रंगच कालवत राहिला. ती गेल्यावर डब्याचं झाकण उघडून तसाच बसला.

"हौसेराव, तिकडं सगळं सपाट हाय म्हणतात. डोंगर नाय. मी रविवारी काय करू?"

"तिकडं सुट्टी शुक्रवारी असते," मी म्हणालो. यापेक्षा शहाणपणाचं काही मला सुचलं नाही. पण त्या दिवशी तो जेवला नाही, हे मी बघितलं.

आता आमच्या देवीकडं येतो. माळखोपची वाघजाई डोंगरावर असते. चैत्रात जत्रा. त्या दिवशी प्रत्येक घरच्या पुरुषाने देवीपुढं हजेरी लावायची. लागोपाठ तीन वर्षं हजेरी चुकली, की पालखीला खांदा द्यायचा त्या घराचा मान जातो. बायकांची हजेरी धरत नाहीत. या नियमावर राजाबाई जे म्हणते ते इथं लिहिण्यासारखं नाही. आम्हा चौदाही जणांची दोन वर्षं चुकली होती, कारण चैत्रात कांद्याच्या गाड्यांची रांग लागते आणि सुट्टीचा शब्द काढला की मुकादमाला ऐकू येईनासं होतं. पंच्याण्णवचं साल तिसरं.

म्हणून मी गावच्या पंचांना सुवाच्य अक्षरात पत्र लिहिलं : माणूस येऊ शकत नाही, माणसाचा फोटो आला तर चालेल का? पंचांनी तीन बैठका घेतल्या आणि उत्तर पाठवलं. चालेल. मात्र फोटोत देवीचा डोंगर आणि देऊळ दिसलं पाहिजे, आणि माणसाने देवीला पाठ दाखवता कामा नये.

मी पत्र घेऊन पळतच नझीरकडं गेलो. म्हटलं, "तुझ्याकडं फोटोत मागं लावायचा तो राजवाड्याच्या जिन्याचा पडदा आहे ना, तसा आमच्या डोंगराचा कर. चौदा घरांचे चौदा फोटो पक्के. आमचं झालं की बाकीच्या गावांच्या टोळ्या आहेतच. प्रत्येकाला आपला आपला डोंगर लागणार."

नझीरच्या चेहऱ्यावर तेव्हा जो रंग आला, तो त्याने कधी कुणाच्या गालाला लावला नसेल. बापाच्या वेळचं शिडाचं जाड कापड पेटीत होतं ते काढलं, भिंतीला ठोकलं, पांढरा हात मारला आणि म्हणाला, "सांगा. डोंगर कसा हाय?"

इथं घोटाळा सुरू झाला. नझीर कधी घाट चढून देशावर आला नव्हता, आणि आम्ही चौदा जण चौदा डोंगर सांगायला लागलो.

"टोकदार हाय."

"कुटला टोकदार? बसका हाय, म्हशीवानी."

"देवळाच्या उजव्या अंगाला उंबर हाय."

"डाव्या! उंबराखाली माजं डोसकं फुटल्यालं हाय, मला इचारा."

नझीर ब्रश ओठांत धरून सगळ्यांकडं आळीपाळीने बघत होता. मग विचारलं, "तुझं घर कुठं? आणि तुझं?" एक वरच्या वाडीचा, दुसरा खालच्या आळीचा. तो हसला. "बरोबर हाय सगळ्यांचं. प्रत्येकानं आपापल्या दारातून बघितलाय." आणि त्याने देवळाच्या दोन्ही अंगांना दोन उंबर काढले. टोळीत शांतता झाली.

देवळाशी आल्यावर मीच जरा अडखळलो. म्हटलं, "नझीरभाय, देवी... म्हणजे तुला चालत नसेल तर..."

"दार काढतो," तो म्हणाला. "उघडं. आत अंधार ठेवतो. आत कोण हाय ते तुमाला ठाऊक हायच की." आणि खरं सांगायचं तर खालच्या आळीतून देवळाचं दारच दिसतं, देवी कधीच दिसत नाही. आत अंधारच असतो. तो अंधार त्याने इतका जपून रंगवला, की कोंडिबाने तिथल्या तिथं चप्पल काढली.

पुढचं काम त्याने आम्हाला बघू दिलं नाही. पडद्यावर चादर टाकून ठेवली. जत्रेच्या आदल्या रविवारी आम्ही चौदा जण धुतलेले सदरे, फेटे घालून स्टुडिओत जमलो. हातात नारळ, गुलाल, खोबरं. नझीरने चादर ओढली.

डोंगर बघून माझे हात आपोआप जोडले गेले, हे कबूल करतो. तोच उतार, तीच पायवाट, देवळावर निशाण फडकतंय. आणि डोंगराच्या मागं, उजव्या हाताला, निळीशार खाडी. काठाला माड, मोडका धक्का, आणि शीड फुगवून चाललेला मचवा.

चौदाही जण पडद्याजवळ सरकले. मग कोंडिबा म्हणाला, "नजीरभाय, ह्ये काय हाय?"

"खाडी."

"आमच्याकडं प्यायचं पानी टँकरनं येतंय!"

नझीर खरंच गोंधळला. "मग डोंगराच्या मागं काय हाय तुमच्या?"

"दुसरा डोंगर."

"त्याच्या मागं?"

"तिसरा."

"मग संपतो कुठं?"

"संपत न्हाई. तसाच जातोय."

"असं कसं?" तो आम्हालाच समजावायला लागला. "डोंगर म्हटला की पाण्यापर्यंत उतरणारच. नाय तर तो जाणार कुठं?" जन्मभर त्याने बघितलेला एकूण एक डोंगर शेवटी खाडीत पाय सोडून बसलेला होता. आम्ही मागचं काही सांगितलं नव्हतं, तेव्हा मागं जे असायलाच पाहिजे ते त्याने काढलं.

पुन्हा रंगवावं तर वाळायला आठ दिवस. ट्रक शुक्रवारी निघणार. पंच तर असे, की खाडी बघितली तर हा डोंगरच आपला नाही म्हणून चौदा घरांचा मान एका फटक्यात काढून घेतील. शेवटी ठरलं, की माणसं अशी उभी करायची की खाडी झाकली जावी.

पहिला कोंडिबा. नझीर काळ्या कापडाखाली डोकं घालून म्हणाला, "हां, इकडं बघ," आणि बघतो तर कोंडिबा कॅमेऱ्याकडं पाठ करून, पडद्याकडं तोंड करून, हात जोडून उभा.

"अरे, तोंड इकडं कर!"

"देवीकडं पाठ करू व्हय? पंचांचं पत्र हाय."

"फोटोत तुझं तोंड नको?"

"पायजे की."

"मग तोंड कुठनं आणू? पाठीला काढू?"

अर्धा तास यात गेला. चहावाला काम सोडून दारात येऊन बसला. अखेर तोडगा निघाला : आडवं उभं राहायचं, खांदा देवळाकडं, हात देवळाच्या दिशेने जोडलेले आणि मान वळवून तोंड कॅमेऱ्याकडं. मान दुखते, पण नियमात बसतं. फक्त आडवा झालेला माणूस चिंचोळा दिसतो. कोंडिबाच्या दोन्ही बाजूंनी खाडी वाहायला लागली, आणि मचवा तर थेट त्याच्या पोटातून बाहेर निघाल्यासारखा.

तेव्हा सगळ्यांच्या नजरा माझ्याकडं वळल्या. मी त्या काळी चांगलाच रुंद होतो. माझ्या खांद्यावर घोंगडी टाकली, दोन्ही हात कोपरातून जरा फाकवायला लावले आणि मला बरोबर खाडीपुढं उभं केलं. तोंड देवीकडं, पाठ कॅमेऱ्याकडं. एक थेंब पाणी दिसेना. मग एकेक गडी येऊन माझ्याशेजारी मान वाकडी करून उभा राहत गेला, आणि मी तेरा फोटोंत खाडी अडवून उभा राहिलो. प्रत्येकाने आधी नारळ फोडला, गुलाल-खोबरं उधळलं. नझीरचे केस गुलाबी, कॅमेरा गुलाबी, भिंतीवरचे चाळीस प्लॉट गुलाबी. चौदावा फोटो माझा स्वतःचा. तेव्हा घोंगडी पांघरून कोंडिबा खाडीपुढं उभा राहिला. पण तो अंगाने बेताचा. माझ्या फोटोत त्याच्या कोपराखालून मचव्याचं टोक दिसतं.

एवढ्यात रहिमा डबा घेऊन आली. उंबऱ्यात फुटलेले नारळ, लादीवर गुलाल, चौदा घामेजले गडी. तिने तोंड उघडलं. आम्ही सगळे भिंतीला टेकलो. आणि ती पडद्याकडं बघत तशीच राहिली.

"मचवा उलटा चाललाय," ती म्हणाली.

"काय?" नझीर कापडाखालून बाहेर आला.

"देवळावरचं निशाण तिकडं फडकतंय नि शीड इकडं फुगलंय. एका पडद्यात दोन वारे? शिडं शिवणाऱ्याचा मुलगा ना तुमी!"

"डोंगरावरचा वारा येगळा असतो," नझीर हळूच म्हणाला.

"वारा येगळा असतो म्हणे." ती पुढं आली. नाक पडद्याला लागेल इतकी पुढं. "धक्क्याचा तिसरा दगड पडलेला दाखवलाय. तो मी न्हातीधुती झाल्यावर पडला. आमच्या लग्नात पडलेलाच होता." मग बोटाने पाण्याच्या जरा वर, काहीच नव्हतं तिथं, दाखवलं. "इथं आमच्या बाबाची झोपडी होती. ती नाय काढलीत."

"लपली हाय. माडामागं."

रहिमाने माडामागचं दिसतंय का म्हणून मान वाकडी करून बघितलं. मग कोंडिबाकडं वळली. तो अजून घोंगडी पांघरून उभा होता. "तू सरक रे बाबा. केवढा आडवा येतोस." कोंडिबाला जन्मात पहिल्यांदा कुणी आडवा म्हटलं. तिने स्टूल ओढलं, खाडीच्या पुढ्यात ठेवलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि बसली. "काढा एक. एवढं कापड घालवलंत तर."

तो फोटो काढून नझीर कापडाखालून बाहेर आला आणि बाहीने डोळे पुसायला लागला. मला वाटलं गुलाल डोळ्यांत गेला असेल.

चार दिवस तो दुकानाचं दार लावून आत रंगवत बसला. शुक्रवारी चौदा फोटो ट्रकाने गेले. गावी पंचांनी ते देवळाच्या पायरीवर ओळीने मांडले. डोंगर पसंत पडला. वरची वाडी म्हणाली, उंबर बरोबर उजवीकडं आहे. खालची आळी म्हणाली, बरोबर डावीकडं आहे. मग एका पंचाच्या ध्यानात आलं, की हा घोंगडीवाला पाठमोरा माणूस सगळ्यांच्याच फोटोत आहे. कोण हा? कुणी म्हणालं मुकादम असेल, लक्ष ठेवायला. कुणी म्हणालं देवीचा राखणदार, आपोआप उमटलाय. दोन म्हाताऱ्या फोटोवर खोबरं वाहायला निघाल्या. तेव्हा राजाबाई पुढं झाली.

"अवं, खोबरं कुटं वाहताय! ती आमच्या मालकांची पाठ हाय. ईस वर्सं बघत आलीय, कायम जातानाच दिसती."

मान राहिला. माझ्या फोटोतल्या मचव्याच्या टोकाबद्दलही विचारणा झाली. राजाबाईने ती कोंडिबाने काखेत धरलेली नवी टोपी म्हणून सांगून टाकलं.

इकडं रहिमाने आपला फोटो नझीरला न विचारता बाहेरच्या काचेच्या कपाटात लावला. तो पहिल्यांदा बघितला कामोठ्याच्या समराने, रहिमाच्या चुलतभावाच्या सुनेने. बाजारासाठी तुर्भ्याला आली होती. काचेला नाक लावून म्हणाली, "आत्या, तुमी गावी कधी गेलेलाव?" तिला आत नेऊन पडदा दाखवला. पुढच्या रविवारी ती सासूला घेऊन आली. सासूने खाडी बघितली आणि धक्क्याच्या पलीकडं आपल्या माहेरची वाट असल्याचं सांगून अर्धा तास बसून राहिली. मग पनवेलहून समराच्या मैत्रिणीचं, अमरीनचं कुटुंब आलं, सात माणसं. असं होत होत रविवारी दुकानात उभं राहायला जागा नसे. डाव्या अंगाला आमचे घाटावरचे, मान वाकडी करून. उजव्या अंगाला कोकणातले, खाडीकडं बोट दाखवत. एका पडद्यावर दोन गावं, आणि कुणाला कुणाची अडचण नाही. मला मात्र घोंगडी घेऊन मधे उभं राहायचं काम संपलं, कारण पलीकडची गिऱ्हाइकं ओरडायला लागली, "भाऊ, पाणी झाकू नका!"

पण रहिमाने ईदबद्दल एक शब्द बोलून दाखवला नव्हता, आणि नझीरची विचारायची छाती नव्हती. तो मला विचारायचा, "काय म्हणते ती?" मी म्हणायचो, "तुझी बायको, तू विचार." तो म्हणायचा, "ईद अजून आठ दिवस हाय." मग, "चार दिवस हाय."

दोहाहून सुट्टीवर आलेला जुनैद ईदच्या दुसऱ्या दिवशी स्टुडिओत आला. मी ईदचा डबा खायला गेलेलो तिथंच होतो. रहिमा आत डब्याची भांडी आवरत होती. जुनैद चांगला माणूस, फक्त सारखं घड्याळ बघायचा. "भावजी, सगळी कागदं तयार हायत. फक्त चार फोटो द्या. एजंट साडेपाचला निघतो."

नझीरने इतक्या वर्षांत स्वतःचा एकही फोटो काढला नव्हता. तरी तो उठला. कॅमेरा लावला, मला उभं केलं, हातात कॅमेऱ्याचा रबरी गोळा दिला. "मी सांगितलं की दाब. दुसरं काय करू नको." आणि स्टुलावर जाऊन बसला. मागं पांढरी चादर लावायला त्याने दोरी सोडली.

"चादर नको," आतून रहिमा आली. ओले हात पदराला पुसत होती. "खाडीच असू दे मागं."

"आपा, पासपोर्टला पांढरं लागतं."

"कुठला माणूस हाय ते कळायला नको त्यांना?" तिने नझीरची कॉलर नीट केली, आणि तिथंच, त्याच्या शेजारी उभी राहिली.

"आपा, एकट्याचा लागतो फोटो!"

"एकट्याला मी कशी पाठवेन?" ती भावाला म्हणाली. "आणि मला काय जमायचं नाय यायला. येत्या रविवारी कामोठ्याची तीन घरं यायची हायत, पनवेलची दोन. मचव्याचं शीड अजून उलटंच हाय, ते ह्यांनी शनिवारपर्यंत फिरवायचंय. माडामागची झोपडी बाहेर काढायचीय. सांग, ह्यांना तुझ्या दोहाला यायला येळ कुठाय?"

नझीरने माझ्याकडं बघितलं. तो काही सांगायच्या आत माझ्याकडून गोळा दाबला गेला.

"हललास तू," तो म्हणाला. आवाज जरा घोगरा होता. मग उठून कॅमेऱ्याशी आला, काळं कापड डोक्यावर घेतलं आणि आतूनच हुकूम सोडला, "रहिमा, तिथंच थांब. जुनैद, तूही ये. बहिणीच्या डाव्या अंगाला. जरा आडवा हो. हात खाली."

"भावजी, एजंट—"

"हलू नको."

तो फोटो पुढं कितीतरी वर्षं त्या काचेच्या कपाटात होता. रहिमा थेट समोर बघतेय. मागं खाडी आहे, मचवा अजून उलट्या वाऱ्यानेच चाललाय, आणि जुनैद मान खाली घालून घड्याळ बघतोय, ज्यात पावणेसहा वाजले आहेत.